कनातीतून दिसलेलं

गुणमालाने खोक्यावरची चिकटपट्टी कात्रीच्या टोकाने फाडली, वरची प्रत बाहेर काढली आणि पहिल्या पानावर सही करण्यासाठी पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात सभागृहामागच्या रंगपटाच्या दाराशी कोणीतरी चपला काढल्याचा आवाज झाला.

"पुस्तकवाल्या बाई तुमीच न्हवं?"

दारात सत्तरीपलीकडची एक बाई उभी होती. काठाचं सुती लुगडं, डोक्यावर पदर, काखेत कापडी पिशवी. एसटीच्या प्रवासाने चेहरा धुळकटला होता, पण केस नीट चोपून बसवलेले होते.

"हो, मीच. कार्यक्रम पाचला आहे, मावशी. पुढच्या बाजूने सभागृहात जा, खुर्च्या मांडल्यात."

"कार्यक्रमाचं न्हाई. मला एक कागुद पायजे तुमच्याकडनं."

गुणमालाने घड्याळाकडे पाहिलं. सव्वाचार वाजले होते. संयोगिताताई साडेचारपर्यंत येणार होत्या. त्यांच्या हस्ते आज तिच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. तिने समोरची खुर्ची दाखवली. बाई खुर्चीच्या कडेवर टेकली आणि पिशवीतून प्लास्टिकचं एक पाकीट काढून तिने मांडीवर ठेवलं.

"मी शालूबाई माने. जतच्या फुडं आमचं गाव, पार हद्दीला. म्हाताऱ्या कलावंतास्नी सरकार मानधन देतंय म्हणं. कार्ड मिळतं, त्याच्यावर 'कलावंत' असं लिवून येतं. म्या अर्ज केला. पर त्यास्नी दाखला पायजे, कुणातरी जाणत्या माणसाचा, की ही बाई अमक्या ठिकाणी कला करत व्हती. तुमी पेपरात लिवता ते आमच्या गावच्या मास्तरीणबाई वाचून दावतात. त्याच म्हणल्या, ह्यांच्याकडं जावा, ह्यांनी सगळे कार्यक्रम बघितल्यात."

"कुठले कार्यक्रम?"

"कृष्णतीर ऑर्केस्ट्राचे."

गुणमालाने पेन खाली ठेवलं. कृष्णतीर ऑर्केस्ट्रा बंद होऊन अडतीस-एकोणचाळीस वर्षं झाली होती. त्यातली माणसं कुठे कुठे पांगली होती. दोन वर्षं रविवारच्या पुरवणीत त्या कार्यक्रमांच्या आठवणी लिहिताना तिने किती शोध घेतला, तेव्हा एक ढोलकीवाला आणि एक ध्वनिक्षेपकवाला एवढेच सापडले होते.

"मग तुम्ही संयोगिताताईंकडे का नाही गेलात? ऑर्केस्ट्रा त्यांचाच होता."

"गेलते." शालूबाईंनी पाकिटातून घडी घातलेला कागद काढला. "ह्यो दिला त्यांनी. हापिसात चालला न्हाई."

वळणदार, ठसठशीत अक्षर. गुणमालाला ते दुरूनही ओळखता आलं असतं. 'श्रीमती शालूबाई माने या आमच्या ऑर्केस्ट्राचा कपडेपट अत्यंत निष्ठेने सांभाळत असत.' खाली ताईंची सही.

"कपडे सांभाळणं म्हंजी कला न्हवं, म्हणाले," शालूबाई सांगत होत्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "म्हणून म्हटलं, तुमी लिवा. कोरसला व्हते येवढंच लिवा. तुमचं पुस्तक निघालंय, तुमचं धरत्याल. गावं मी सांगते."

आणि गावं आठवण्यासाठी त्यांनी डोळे मिटले. हनुवटी किंचित डावीकडे वर गेली, उजवा हात गळ्याच्या खाली सपाट टेकला. "म्हसवड. मग वडूज. मग कऱ्हाड..."

गुणमालाने कागद टेबलावर ठेवला. तो चेहरा तिने आयुष्यात एकदाच पाहिला होता, तोही असाच, डोळे मिटलेला.

*

तेव्हा ती पंधरा वर्षांची होती.

सांगलीत वडिलांचं हळदीचं दुकान होतं. घरात रेडिओ फक्त बातम्यांपुरता लागायचा. तेराव्या वर्षी, चौऱ्याऐंशी साली, ती मावशीबरोबर म्हसवडच्या यात्रेला गेली आणि तिथे तिने कृष्णतीरच्या संयोगिता मोहित्यांचं गाणं पहिल्यांदा ऐकलं. घरी परतली ती वेगळीच मुलगी होऊन. त्यानंतरची दोन वर्षं कुठल्या नातेवाइकाकडे कधी जायचं हे ऑर्केस्ट्राच्या जाहिरातींवरून ठरत गेलं. कऱ्हाडच्या मावसबहिणीच्या तब्येतीची तिला एकाएकी फार काळजी वाटू लागायची, आणि नेमका त्याच आठवड्यात कऱ्हाडला कार्यक्रम असायचा. विट्याच्या आत्याला पापड लाटायला माणूस हवं असायचं. एकदा वडिलांना संशय आला तेव्हा तिने मंदिरात उभं राहून खोटं सांगितलं होतं. ते तिला अजून बोचत होतं. अशी नऊ गावं, नऊ कार्यक्रम. सगळे तिने बायकांच्या कनातीत बसून ऐकले.

कनात स्टेजच्या डाव्या अंगाला असायची. पुरुष समोर मैदानात, आणि बायका बाजूला, कापडाच्या आडोशात. तिथून गाणारी बाई पाठमोरीच जास्त दिसायची, म्हणून बायका कुरकुर करायच्या. विट्याला तर गुणमालाला अगदी कडेला, बांबूपाशी जागा मिळाली होती. दिवस मावळताना वारा सुटला आणि स्टेजच्या बाजूचा पडदा दोन हात वर उचलला गेला.

पुढे झगमगीत साडीत संयोगिताताई उभ्या होत्या. हात हवेत, ओठ हलत होते. आणि मागे, पडद्याआड, उलट्या ठेवलेल्या लाकडी पेटीवर एक सावळी बाई बसली होती. डोक्यावर पदर, हातात माइक, डोळे मिटलेले. उजवा हात गळ्याच्या खाली सपाट टेकलेला. त्या कार्यक्रमातला तो सूर, ज्यावर समोरच्या मैदानात शिट्ट्या थांबून एकदम शांतता झाली, तो त्या बाईच्या गळ्यातून येत होता.

पडदा पुन्हा खाली पडला. गुणमालाने शेजारच्या कोणाकडे पाहिलं नाही. घरी गेल्यावर कोणाला सांगितलं नाही. ताईंचा घसा आज बसला असेल, एका दिवसापुरतं कोणाला तरी गायला लावलं असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. मग त्या समजुतीवर इतकी वर्षं गेली की ती खरीच वाटू लागली. सातारच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवता शिकवता तिने त्या नऊ कार्यक्रमांवर लेख लिहिले. त्यातला विट्याचा लेख सर्वांत गाजला. 'संयोगिताताईंनी त्या संध्याकाळी जो सूर लावला,' असं त्यात तिने लिहिलं होतं. शेवटचा लेख कोयनानगरचा. तिथे, धरणाच्या वसाहतीतल्या कार्यक्रमानंतर, ताईंनी गाणं कायमचं सोडलं. आवाज उत्तम असताना थांबण्याचं बळ किती कलावंतांत असतं, असं विचारून तिने पुस्तक संपवलं होतं.

*

"लिवताय न्हवं?" शालूबाईंनी विचारलं.

गुणमालाने कोरा कागद पुढे ओढला. लवकर लिहून दिलं तर ताई यायच्या आत ही बाई निघून जाईल, हा विचार तिच्या मनात आला आणि त्याची तिला लाज वाटली. तरी तिने लिहायला सुरुवात केली. 'श्रीमती शालूबाई माने या कृष्णतीर ऑर्केस्ट्रात सन १९८४ ते १९८६ या काळात कोरस...' तिथे पेन अडलं. पुढचा शब्द सोपा होता, गायिका. तो तिला लिहिता येईना.

बाहेर गाडीचं दार लागलं. वाचनालयाचे कार्यवाह उदयसिंह घोरपडे यांचा मोठा आवाज आला, "सावकाश, ताई, इथे पायरी आहे." मग काठीची टकटक.

संयोगिताताई आत आल्या. अडुसष्ट वर्षांच्या, अजून ताठ, मोतिया रंगाची रेशमी साडी. बोलताना त्यांचा आवाज घोगरा येई. वयाने होतं तसं, असंच गुणमाला समजत आली होती.

"बघू गं, कसं छापलंय," त्या म्हणाल्या आणि त्यांची नजर खुर्चीवर गेली.

काठी जमिनीवर जिथे टेकली होती तिथेच राहिली.

"शालू."

"व्हय, ताई."

उदयसिंहांनी दोघींकडे पाहिलं, काहीतरी जुनी ओळख निघालेली दिसते असं समजून ते खूश झाले आणि चहा पाठवतो म्हणून निघून गेले. दार त्यांच्यामागे आपोआप मिटलं.

"इथपर्यंत आलीस," ताई म्हणाल्या.

"कागदासाठी आले. तुमच्या कागदावर काम झालं न्हाई."

"तुला चालेल तेवढंच लिहिलं मी. माझं नाव कधी घेऊ नका म्हणून तूच शब्द घेतला होतास माझ्याकडून. देवासमोर."

"थोरला भाऊ व्हता तवा. बाई ऑर्केस्ट्रात गाते हे कळलं असतं तर त्यानं मला जित्ती ठेवली नसती. आता त्यो न्हाई."

"कधी गेला?"

"दोन सालं झाली."

"मला कोणी कळवलं नाही."

"तुमच्या घरी आले तवा मीच सांगितलं की."

ताई आरशासमोरच्या खुर्चीवर बसल्या आणि पदराची घडी उगीचच सारखी करू लागल्या. चाळीस वर्षं जे कोणाला सांगितलं नाही ते आता, या दोघींच्या मधे उभं राहून, न सांगणं गुणमालाला जमेना.

"ताई, विट्याला मी कनातीत बसले होते."

"बसली असशील. लिहिलंयस तू."

"कडेला बसले होते. बांबूपाशी. वाऱ्याने पडदा उडाला होता."

पदरावरचे हात थांबले. शालूबाईंनीही मान वर केली.

"म्हणजे तू पाहिलंस," ताई सावकाश म्हणाल्या. "आणि तरी असं लिहिलंस."

"मला वाटलं, त्या दिवशी तुमचा घसा बसला असेल. एकदाच झालं असेल."

"एकदाच," ताईंनी तो शब्द तोंडातल्या तोंडात म्हटला. आरशातून त्यांनी शालूबाईंकडे पाहिलं. शालूबाई त्यांच्याकडेच पाहत होत्या. बाहेर कोणीतरी ध्वनिक्षेपक तपासत होतं, त्याची घरघर भिंतीतून ऐकू येत होती.

"सांगा की त्यास्नी," शालूबाई म्हणाल्या.

"तू सांग."

"म्हसवडपासनं," शालूबाई गुणमालाला म्हणाल्या. "म्हसवडच्या यात्रेपासनं ते कोयनेपातुर. सगळी गाणी."

गुणमाला पुस्तकांच्या खोक्याला धरून उभी राहिली. तेरा वर्षांची ती मुलगी यात्रेतून घरी येताना एसटीत रात्रभर जागी होती. पुढची दोन वर्षं वहीच्या मागच्या पानांवर तिने एकच नाव शंभरदा लिहिलं होतं. त्या नावाच्या बाईला तिने तिथे कधी ऐकलंच नव्हतं. विट्याचं तिला माहीत होतं, ते एक पान तिने जाणूनबुजून खोटं लिहिलं होतं. बाकीची आठही गावं तिने मनापासून लिहिली होती.

"आणि कोयनेनंतर तुम्ही गाणं सोडलंत," ती कशीबशी म्हणाली.

"कोयनेला हिचा भाऊ आला. मुंबईला गिरणीत होता, सुट्टीवर आला आणि हिला घेऊन गेला. कपडे धुवायला एवढ्या लांब कशाला, म्हणाला." ताईंनी काठी मांडीवर आडवी घेतली. "दुसऱ्या दिवशी पेपरवाला आला. त्याला मी काहीतरी सांगायला हवं होतं."

चहा आला. कोणी हात लावला नाही. पोऱ्या असेल की आणखी कोणी, चहा ठेवणाऱ्याकडे तिघींपैकी कोणी पाहिलंही नाही.

"म्हसवडच्या आधी आठ वर्षं मीच गायचे," ताई एकदम म्हणाल्या. "फलटण, दहिवडी, आटपाडी, सगळीकडे. बरी गायचे. चौऱ्याऐंशीच्या दिवाळीत डॉक्टरांनी सांगितलं, गळ्यात गाठी आहेत, बोलाल पण गाणार नाही. ऑर्केस्ट्रावर बारा घरं चालत होती, आणि यात्रेची सुपारी घेतलेली. ही विहिरीवर कपडे पिळताना गायची, ते मी रोज ऐकायचे. एक दिवस हिला म्हटलं, पडद्यामागे बसशील का? ही म्हणाली, दिसणार नसेन तर बसते." त्या थांबल्या. "म्हसवडच्या आधी तू मला कधी ऐकलंस का गं?"

"नाही, ताई."

"नाहीच." त्या हसल्यासारख्या झाल्या. "त्या आठ वर्षांबद्दल कोणीच लिहिलं नाही."

दार ढकलून उदयसिंह आत आले. "मंडळी, पाच वाजून गेले. हॉल भरलाय. विट्याहून, पलूसहून बायका जीप करून आल्यात. ताई, तुम्ही आधी चला, तुमचं स्वागत करायचंय. मॅडम, तुम्ही पाच मिनिटांत या. विट्याचंच प्रकरण वाचताय ना? लोक त्याच्यासाठीच आलेत."

ताई उठल्या. दाराशी जाऊन त्या थांबल्या, मागे न वळता म्हणाल्या, "माझी मुलगी आणि नात आल्या आहेत, गुणमाला. नात पहिल्यांदाच ऐकणार आहे, तिची आजी कोण होती ते."

मग काठीची टकटक दूर गेली.

टेबलावर अर्धा लिहिलेला कागद तसाच होता. शालूबाईंनी तो वाचता येत नसूनही थोडा वेळ पाहिला.

"कोरस लिवलं तरी चालंल," त्या म्हणाल्या. "त्यांचं वाईट व्हावं असं मला न्हाई. उपाशी ठेवलं न्हाई त्यांनी मला कवा. आजारी पडले तर पायथ्याशी बसून राहायच्या."

"शालूबाई, तुम्ही कोरसला होतात का?"

शालूबाईंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"न्हाई."

"मी बाहेर नाव घेतलं तर तुम्हाला चालेल?"

शालूबाई उठल्या, कोपऱ्यातल्या नळावर जाऊन तोंड धुतलं, पदराने पुसलं, आरशात न बघताच कुंकू ठीक आहे ना हे बोटाने चाचपलं.

"म्या फुडं बसू का मागं?" त्यांनी विचारलं.

"पुढे बसा," गुणमाला म्हणाली. "पहिल्या रांगेत."

*

सभागृह खरोखरच भरलं होतं. मधल्या रांगांत साठीच्या, सत्तरीच्या बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. एकीने दुसरीच्या कानाशी लागून काही सांगावं आणि दोघींनी तोंडावर पदर घ्यावा, असं चाललं होतं. तिसऱ्या रांगेत ताईंची मुलगी आणि तिच्या शेजारी चौदा-पंधरा वर्षांची नात. नातीने मोबाइल दोन्ही हातांत उभा धरला होता आणि तो व्यासपीठाकडे रोखलेला होता. शालूबाई पहिल्या रांगेच्या टोकाला, पिशवी मांडीवर घेऊन.

प्रकाशन झालं. टाळ्या झाल्या. ताई दोन वाक्यं बोलल्या आणि आभार मानून बसल्या. बोलताना त्यांनी समोर कोणाकडे पाहिलं नाही. मग उदयसिंहांनी गुणमालाचं नाव पुकारलं.

तिने पुस्तक उघडलं. ताई तिच्या उजव्या हाताला, दोन हातांवर बसल्या होत्या. त्यांच्या साडीचा मोतिया रंग तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होता.

सुरुवात सोपी होती. विट्याचं मैदान, आत्याचे पापड, यंत्रमागांची लांबून येणारी खडखड. कनातीतल्या बायकांची जागेवरून भांडणं आली तेव्हा मधल्या रांगा खळखळून हसल्या. गुणमालाने पान उलटलं. आता तो परिच्छेद होता. तिला वाटलं, वाचून टाकावं. छापलेलं वाचायला कसली हिंमत लागते? कागद नंतर देता येईल, मोठ्या शब्दांत, दोन पानी. नात घरी जाऊन आजीचा मोबाइलमधला सत्कार पुन्हा पुन्हा बघेल. कोणाचंच काही बिघडणार नाही. शालूबाई उद्या सकाळच्या गाडीने जतला जातील.

ती वाचू लागली.

"आणि मग वारा सुटला. मैदानात धूळ उठली. तबलजीने ठेका धरला आणि शालूबाईंनी वरचा सूर लावला."

आपल्याच तोंडून ते नाव आलेलं तिला ऐकू आलं. समोर फारसं काही झालं नाही. एखाददुसऱ्याने मान वर केली. उदयसिंहांनी आपल्या हातातली प्रत उघडून ते पान शोधायला सुरुवात केली. वाचणाऱ्या बाईची चूक झाली, एवढंच लोकांना वाटलं असावं. तिने पुढचं वाक्य घेतलं.

"शालूबाईंच्या त्या सुराने शिट्ट्या बंद पडल्या. मैदानात हजारो माणसं होती, पण..."

इथे ती थांबली. आता उदयसिंहांचं बोट त्या ओळीवर टेकलं होतं आणि ते तिच्याकडे बघत होते.

"पुस्तकात इथे दुसरं नाव छापलं आहे," गुणमाला म्हणाली. "ती चूक माझी आहे. मी कनातीत कडेला बसले होते. पडद्यामागे शालूबाई माने गात होत्या. मला दिसलं होतं, आणि मी ते लिहिलं नाही. विट्यालाच नाही, या पुस्तकातल्या नऊही गावांत आपण ज्यांना ऐकलं त्या शालूबाई. त्या इथे बसल्या आहेत."

पंख्यांचा आवाज एकदम मोठा वाटू लागला. नातीच्या हातातला मोबाइल हळूहळू खाली आला. तिने आईकडे पाहिलं. आई पुतळ्यासारखी समोर बघत होती. शालूबाई दोन्ही हात पिशवीवर ठेवून ताठ बसल्या होत्या, फोटो काढताना माणसं बसतात तशा. गुणमालाने उजवीकडे पाहिलं नाही. तिला पाहवलं नाही.

आता कोणीतरी उठेल, ओरडेल, असं तिला वाटत होतं. मधल्या रांगेतून एक म्हातारी बोलली, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशी, शेजारणीला सांगायचं म्हणून पण सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं.

"सांगितलं बाई एकदाचं."

शेजारणीने मान डोलावली. पुढच्या रांगेतली एक डोलावली, तिच्या पलीकडची एक. आश्चर्य वाटल्याची एकही खूण त्या चेहऱ्यांवर नव्हती. बरोबर आलेले पुरुषच तेवढे इकडे तिकडे बघत होते. गुणमाला त्या रांगेकडे बघत राहिली. वारा काही एकट्या तिच्यासाठी सुटला नव्हता. कनात बायकांनी भरलेली होती आणि पडद्यामागची बाई घरच्यांना भिऊन तिथे बसली आहे हे त्यांना कोणी सांगायची गरज पडली नसेल. घरी गेल्यावर त्यांच्यापैकी एकीनेही नवऱ्याजवळ ते काढलं नव्हतं.

तिचं बोट पुस्तकातल्या ओळीवरून घसरलं. ओळ सापडेना. अक्षरं एकमेकांत मिसळत होती.

उजवीकडे काठी टेबलाला लागून वाजली. खुर्ची सरकली. ताई उठून जाताहेत असं वाटून गुणमालाने डोळे मिटून घेतले. पण त्या उठल्या नव्हत्या. त्यांनी आपल्या समोरचा माइक जवळ ओढला होता, आणि त्यांचा घोगरा आवाज सभागृहभर पसरला.

"थांबलीस का? पुढे वाच. पुढच्या पानावरही तीच आहे."